घसा २४

सर, कार्बोरेटरला तुम्ही एक मराठी शब्द घडवला होता आणि तो मी विसरलो आहे. चार दिवस आठवतोय, सापडत नाही. सरकारी परिभाषेतल्यासारखा दातात अडकणारा नव्हता एवढं नक्की. म्हणताना ओठ किंचित गोल व्हायचे आणि शेवटी श्वास सुटायचा. "हवा आणि पेट्रोल यांचं लग्न लावणारा भटजी आहे तो," असं तुम्ही मला समजावलं होतंत, आणि आतून काकू म्हणाल्या होत्या, "मग तुमच्या भटजीला म्हणावं, आधी आंघोळ करून ये. काय तो वास!" परवा नातवाला मी हे सांगायला गेलो, तर तो मोबाईलवरून मान वर न करता म्हणाला, "आजोबा, आता गाडीत कार्बोरेटर नसतो." नसतो म्हणे. मग मी गॅलरीत जाऊन बसलो, आणि तिथे बसल्या बसल्या हे पत्र मनात सुरू झालं.

तुमच्या वर्गात मी पहिल्या बाकावर होतो, उंचीमुळे. माझ्यामागे एक ताडमाड मुलगा बसायचा. वृत्तं शिकवताना तुम्ही त्याला उभं केलंत, "हा गुरू," आणि मला उभं केलंत, "हा लघु." सगळा वर्ग हसला. तेव्हापासून मी लघु, आणि तुम्ही लाडात असलात की लघ्या. मला राग यायचा नाही. खरा राग आला तो नववीत. मी समुद्रावर एक कविता केली होती, थेट शार्दूलविक्रीडितात, एकोणीस-एकोणीस अक्षरांच्या ओळी, रात्रंदिवस बोटांवर मोजून. तुम्ही वही परत दिलीत तेव्हा समासात लाल शाईने लिहिलेलं होतं, 'दम पुरत नाही. लहान वृत्त घे.' आणि खाली तुमच्या वळणदार देवनागरी आकड्यांत, १० पैकी ४. तो चार मला आजही दिसतो. वर दोन्ही हात जवळ आणलेला, जवळजवळ नमस्कार केल्यासारखा. मी लहान वृत्त घेतलं. पुढे आयुष्यभर लहानच घेतलं, सर. दिवाळी अंकांत चारदोन कविता छापून आल्या, सगळ्या आखूड ओळींच्या. मोठी मी पुन्हा लिहिली नाही.

मग पंचवीस वर्षांनी तुम्ही मला भाईंदरला भेटलात. सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीचा काळ. शहरातली जागा परवडेना म्हणून मी पश्चिमेला आलो होतो, आणि तुम्ही निवृत्त होऊन मोरव्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर तळमजल्याला राहायला आला होतात. समोर मिठागरं. उन्हात ती इतकी पांढरी दिसत की डोळे मिटले तरी पांढरंच राहायचं. मी भाजी घेऊन चाललोय, आणि एका करड्या गोल पाठीच्या जुन्या मोटारीच्या उघड्या बॉनेटमधून आवाज येतो, "लघ्या, तू इथे काय करतोयस?" तुम्ही मान बाहेर काढलीत. नाकाला काजळी. मराठीचे मास्तर आणि मोटार! मी पिशवी खाली ठेवून तुमच्या पाया पडलो आणि उठताना माझं डोकं बंपरला लागलं.

गाडी काकूंच्या वडिलांची. ते डॉक्टर होते, त्यांनी ती विलायतेहून आलेली नवीकोरी घेतली होती, आणि जाताना धाकटीला दिली. तुम्ही तिचं नाव ठेवलं होतं मंदाक्रांता. हळूहळू पावलं टाकणारी. काकू म्हणायच्या, "मंद तर आहेच, आणि आक्रोशही करते." तुम्ही कान देऊन इंजिन ऐकायचात. चार सिलिंडरांचे चार ठोके. मध्येच एक चुकला की हात वर करायचात. "ऐकलंस? यतिभंग." मिस्त्री त्याला मिसिंग म्हणायचा, तुम्ही यतिभंग. शेजारच्या राई गावचा मिस्त्री होता तो, होड्यांची इंजिनं दुरुस्त करता करता मोटारींकडे वळलेला. काही महिन्यांनी तोही गिऱ्हाइकांना सांगू लागला, "तुझे गारीला यतीभंग हाय, पलग बदलाय लागल."

पण खरं दुखणं यतिभंगाचं नव्हतं. जुना कार्बोरेटर झिजला होता आणि इथल्या खाऱ्या हवेने त्याच्यावर पांढरा भुसा धरला होता. पेट्रोल भरून वाहायचं, आणि त्याचा वास पुढच्या सीटवर यायचा. काकूंना दमा. त्या वासाने दोन मिनिटांत त्यांची छाती भरून यायची. स्वतःच्या वडिलांच्या गाडीत त्या दोन वर्षं बसल्या नव्हत्या. आणि त्यांना ठाण्याला जायचं होतं. थोरली बहीण तिथे, तिसऱ्या मजल्यावर, पडल्यापासून जिना न उतरलेली. घोडबंदरच्या रस्त्याने धुराच्या एसटीत बसून जाणं काकूंना शक्य नव्हतं. त्यात ताईंच्या मुलाने नागपूरला बदली घेतली आणि आईला न्यायचं ठरवलं. बुधवारचं रिझर्वेशन. काकू मला चहा देताना एवढंच म्हणाल्या, "एकदा भेटले असते म्हणजे झालं असतं रे. नागपूर काय, मला चंद्रासारखंच." तुम्ही बशीतला चहा पिता पिता थांबलात.

त्याच दिवशी तुम्ही नवा कार्बोरेटर निवडायला बसलात. मूळचा विलायती आता मिळत नव्हता. तुम्ही जुन्या उत्तरपत्रिकेच्या पाठकोऱ्या कागदावर तक्ता काढलात. पहिला मार्ग, झिजलेलाच पुन्हा घडवून घेणं. "जुन्या कवितेला नवी चाल. गळणार ती गळणारच." दुसरा, इथल्या टॅक्सीला बसतो तसला देशी, एका तोंडाचा, खाली जोडपट्टी टाकून. तिसरा, मोठ्या घशाचा, जोरदार. घसा म्हणजे आतली चिंचोळी जागा, जिथून हवा धावत जाते आणि जाता जाता पेट्रोल ओढून घेते. हा तुमचाच शब्द आणि हा मात्र मला आठवतोय. "घसा मोठा म्हणजे गाडी जोरात, असं लोकांना वाटतं," तुम्ही म्हणालात. "पण इंजिन आपल्या फुप्फुसाएवढाच श्वास घेणार. मोठ्या घशात हवा रेंगाळते, पेट्रोल उचलत नाही. मग गाडी चढावर अडखळते, वास मारते. आशय दोन ओळींचा आणि वृत्त एकोणीस अक्षरांचं, तसं." बोलता बोलता तुम्ही माझ्याकडे बघितलंत असं मला वाटलं. कदाचित बघितलंही नसेल. मिस्त्रीला विचारून, इंजिनाच्या मापावरून घसा किती मिलिमीटरचा हवा ते काढून, तुम्ही एका चिठ्ठीवर लिहिलंत, 'एका तोंडाचा. घसा २४.' माझं ऑफिस फोर्टात, म्हणून आणायचं काम माझं.

शुक्रवारी दुपारी मी ऑपेरा हाऊसजवळच्या मोटारभागांच्या बाजारात आहे. छतापर्यंत खोकी, रबराचा आणि ग्रीसचा वास, आणि काउंटरवर एक दक्षिणेकडचा माणूस, चष्मा कपाळावर. मी कार्बोरेटर एवढंच म्हणतो, आणि माप तोंडाने सांगायच्या आतच तो माझ्या बोटांतली चिठ्ठी काढून घेतो. अक्षर त्याला लागत नाही. आकडा लागतो. "ट्वेंटी-एट," तो म्हणतो. तुमच्या चारचे हात वर जुळलेले, त्याला तो इंग्रजी आठ दिसतो. मला चार दिसतो. सर, मला तो नववीपासून ओळखीचा होता. माझं तोंड उघडलेलं असतं, आणि तेवढ्यात तो खोक्यातून चकचकीत, सोनेरी झाक असलेला कार्बोरेटर काढून माझ्यासमोर ठेवतो. "बढिया साइज मंगाया साहब. गाडी उडेगी." मी आत डोकावून बघतो. घसा रुंद, गुळगुळीत, एखाद्या घंटेच्या आतल्या बाजूसारखा. मला वाटतं, फुंकर मारली तर वाजेल. मी म्हणतो, "बांध दो."

संध्याकाळी मिस्त्रीने तो हातात घेऊन फिरवून फिरवून बघितला. "यो कोनी आनला? मोठा हाय. हिचे नरड्यान न्हाय मावाचा."

"दुकानदारानं हाच दिला," मी म्हणालो.

"दुकानदाराला काय, तो त्याचे आयशीलाबी इकल. सर, तुमी अठ्ठावीस सांगला व्हता?"

तुम्ही चष्मा लावलात. "मी चोवीस लिहिलं होतं."

"त्याने अठ्ठावीस वाचलं, सर," मी म्हणालो, आणि यात एक अक्षरही खोटं नव्हतं. "तुमचा चार जरा आठासारखा दिसतो."

तुम्ही चिठ्ठी मागितलीत. दारात, उजेडात जाऊन उभे राहिलात. खूप वेळ. मग म्हणालात, "खरंच रे. वर उघडा ठेवायला हवा होता." मिस्त्री म्हणाला, उद्या बदलून आणा. मी म्हणालो, विकलेला माल ते परत घेत नाहीत. मी विचारलंच नव्हतं. "बसवून तर बघू," मी म्हणालो. "रविवार आलाच आहे." तुम्ही चिठ्ठीची घडी करून शर्टाच्या खिशात ठेवलीत आणि माझं ऐकलंत. आयुष्यात पहिल्यांदा तुम्ही माझं ऐकलंत.

रविवारी सकाळी काकू नारळीपाकाच्या लाडवांचा डबा मांडीवर घेऊन पुढे बसल्या. डोक्यात अबोली. तुम्ही गाडी चालवताय, मी मागे. काशिमिऱ्याला वळून आपण घोडबंदरच्या रस्त्याला लागलो. मला ती सकाळ पाण्याखालून दिसते, हलती, हिरवट. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला झाडांआड खाडी, आणि रस्ता रिकामा. चेणं गावाच्या अलीकडे तो सपाट पट्टा होता ना, तिथे तुम्ही पाय दाबलात, आणि सर, ती गायला लागली! मंदाक्रांता नव्हतीच ती. छातीतून, भरघोस, एका दमात, कुठेही यती न मोडता. झाडांच्या सावल्या बॉनेटवरून ओळींसारख्या सरकत होत्या. काकूंनी काचेवर हात ठेवला आणि त्या म्हणाल्या, "अहो, अण्णा चालवायचे तेव्हा अशीच पळायची." अण्णा म्हणजे त्यांचे वडील. आरशात मला तुमचे डोळे दिसले. तुम्ही चकित झाला होतात. दोन मिनिटं असतील. फार तर तीन.

मग चेणं मागे पडलं आणि चढ लागला. गाडीने एक गचका दिला. तुम्ही गिअर टाकलात, पाय दाबलात, ती अडखळली, पुन्हा गचका, मागे काळा धूर. आणि पेट्रोलचा वास. आधी हलका, मग दाट. काकूंनी पदर नाकाला लावला. "काच खाली कर," तुम्ही ओरडलात, मी पुढे वाकून हँडल फिरवतोय, आणि त्यांचा श्वास आत जाताना शिट्टीसारखा वाजतोय. गाडी बंद करून आपण त्यांना बाहेर आणलं. रस्त्याकडेच्या मैलाच्या दगडावर त्या बसल्या, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून, खांदे वर उचलून, एकेक श्वास विकत घेतल्यासारखा घेत. लाडवांचा डबा माझ्या हातात. बऱ्याच वेळाने त्यांना बोलता आलं तेव्हा त्या म्हणाल्या, "ताईला कळवा. म्हणावं, मंगळवारी येते." चेण्यातल्या एका टेम्पोवाल्याने आपल्याला भाईंदरला आणून सोडलं. मंगळवारी त्या अंथरुणातून उठू शकल्या नाहीत. बुधवारी ताई नागपूरला गेल्या.

त्या आठवड्यात एका संध्याकाळी मी तुमच्याकडे आलो. काकू आत पडून होत्या, वाफारा घेत. तुम्ही खिडकीशी बसला होतात, आणि समोर कॅलेंडरचं फाडलेलं पान, पाठकोरी बाजू वर. मला वाटलं कविता. जवळ जाऊन बघितलं तर चार. ओळीच्या ओळी, पहिलीतल्या मुलाने काढाव्यात तसे, ४ ४ ४ ४, प्रत्येकाचे हात वर लांब फाकवलेले. तुम्ही मान वर न करता म्हणालात, "पस्तीस वर्षं पोरांना सांगितलं, आकडा देवनागरीत काढा. इंग्रजी काढला की अर्धा गुण कापला. आणि माझाच चार कोणाला वाचता येत नाही." मी म्हणालो, "सर, तो माणूस मराठी नव्हता." तुम्ही म्हणालात, "लिहिणाऱ्याने वाचणाऱ्याचा विचार करायचा असतो, लघ्या. हे मीच तुम्हाला शिकवायचो." त्या क्षणी सांगायला हवं होतं. जीभ टाळूला चिकटली म्हणतात ना, तसं नव्हतं ते. जीभ मोकळी होती. मी पाण्याचा ग्लास उचलला आणि प्यायलो. त्यानंतर तुम्ही आकडे लिहायचं सोडूनच दिलंत. दूधवाल्याच्या चिठ्ठीवरसुद्धा अक्षरी, 'दोन पिशव्या'. पुढच्या खेपेला कार्बोरेटरसाठी चिठ्ठी दिलीत, तिच्यावर होतं, 'घसा चोवीस'.

चोवीसचा मिळाला, साधा, मळक्या रंगाचा. मिस्त्रीने जोडपट्टी घासून बसवला, स्क्रू पाव पाव फिरवत बसला, आणि गाडी अशी शांत झाली की बॉनेटवर ठेवलेल्या वाटीतलं पाणी हलेना. "आता घरान घालून निजा," तो म्हणाला. वास नाही, धूर नाही. तरी काकूंनी बसायला महिना घेतला. मग एका सकाळी स्वतःच पातळ बदलून दारात येऊन उभ्या राहिल्या. "चला." कुठे, असं तुम्ही विचारलं नाहीत. चेण्याचा चढ तिने कुणाला न कळवता ओलांडला. ठाण्याला त्या इमारतीखाली आपण थांबलो. काकू काच खाली करून तिसऱ्या मजल्याकडे बघत राहिल्या. गॅलरीचं दार बंद, आणि दोरीवर कपड्यांचे चिमटे तसेच लावलेले, रांगेने. "ताई चिमटे विसरली," काकू म्हणाल्या. "तिकडे काय लावत असेल?" मग त्या उतरल्या नाहीतच. आपण परत आलो. दोघी बहिणी पुढे पत्रं लिहीत राहिल्या, आणि दोन वर्षांनी नागपूरहून ताईंच्या मुलाचं कार्ड आलं. ते तुम्ही काकूंना वाचून दाखवलंत. मी तिथेच होतो.

तुम्ही गेलात तेव्हा गाडी चालू होती. मिस्त्री आला होता, त्याने बॉनेट उघडून तेल बघितलं आणि पुन्हा मिटलं. त्याला दुसरं काय करावं ते सुचलं नसावं. तुमच्यामागे काकू नऊ वर्षं होत्या. मी दर रविवारी जायचो. त्या माझ्याकडून कविता म्हणून घ्यायच्या, शाळेतल्या, तुम्ही शिकवलेल्या, आणि कुठे अक्षर चुकलं तर तुमच्यासारखाच हात वर करायच्या. एकदा म्हणाल्या, "ह्यांना शेवटपर्यंत त्या चारचं लागून राहिलं होतं रे." मी कवितेची पुढची ओळ म्हटली.

नऊ वर्षं म्हणजे साडेचारशेच्या वर रविवार. आता सांगतोय, जेव्हा वाचणारं कोणी उरलेलं नाही. तुमचा चार चारच होता, सर, स्वच्छ, सुंदर चार. मी तो वाचला होता. हे पत्र मी पाठवणार तरी कुठे? पुन्हा वाचूनही बघणार नाही, तुम्ही असतात तर पंधरा ठिकाणी लाल झालं असतं. फक्त एक राहिलं आहे. काकूंची क्षमा मी मनात कितीदा तरी मागितली, ताईंचीही, जिना न उतरलेल्या त्या बाईंची, ज्यांना मी कधी बघितलंही नाही. तुमची मागायला बसलो की मात्र चेण्याअलीकडचा तो सपाट रस्ता येतो, बॉनेटवरून सरकणाऱ्या सावल्या येतात, तो आवाज येतो, आणि मी ऐकत बसतो. त्या दोन मिनिटांचा पश्चात्ताप मला अजून करता आलेला नाही.